शिकाऱ्याचे सामान

हरणाच्या शिकारीला लागणाऱ्या सामानात सर्वांत कामाची वस्तू म्हणजे बुडाखाली घ्यायची उशी. अमेरिकेतल्या शिकारीच्या दुकानांत ती शोधावी लागते. बंदुका भिंतभर दिव्यांच्या झोतात मांडलेल्या असतात, दुर्बिणी काचेच्या कपाटात असतात, आणि उशी असते गल्ल्याशेजारी, मोजे आणि च्युइंगम यांच्या मधल्या खणात. गिऱ्हाईक तिथवर पोचते तेव्हा त्याच्या खिशात फारसे काही उरलेले नसते आणि उशीवाचून अडणार नाही अशी त्याची खात्री पटलेली असते. ही खात्री मोसमाच्या पहिल्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मोडते.

मराठी वाचकाला शिकार म्हटले की हाकारे, पत्र्याचे डबे, उघडी जीप आणि रात्रीचा सर्चलाइट आठवतो. हे चित्र जुन्या शिकारकथांतले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपला. आता ताडोबात चितळावर रोखली जाते ती कॅमेऱ्याची लांब नळी. (तेच आपले चितळ १९३०च्या दशकात टेक्सासात नेले गेले, तिथे फोफावले, आणि परदेशी प्राणी ठरल्यामुळे त्याच्या शिकारीला तिथे बारा महिने मोकळीक आहे.) पण अमेरिकेतली बहुतेक शिकार पांढऱ्या शेपटीच्या हरणाची असते, आणि ती धावण्याची नसून बसण्याची असते. अंधारात जाऊन बसायचे, उजाडेपर्यंत बसायचे, डबा खाऊन पुन्हा बसायचे, आणि हरीण आलेच नाही तर दिवस मावळल्यावर गुडघे चोळत परतायचे. सामानाची निवड या एका गोष्टीवरून ठरायला हवी. प्रत्यक्षात ती ठरते जाहिरातीतल्या माणसावरून, आणि तो माणूस कधीच बसलेला नसतो. तो कड्यावर उभा राहून क्षितिजाकडे पाहत असतो.

हरणांची टंचाई आहे असेही नाही. बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या आसपास देशभरात ती काही लाखांवर आली होती. आज तीन कोटींच्या घरात आहेत. ती मक्याच्या शेतात असतात, स्मशानभूमीत असतात, मॅडिसन किंवा पिट्सबर्गच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हौसेने लावलेल्या जास्वंदीच्या कळ्या खाताना असतात. कोणतेही सामान न घेता हरीण मारण्याचा एक मार्ग तिथे सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे मोटार, आणि दरवर्षी लाखो मोटारींना त्याचा अनुभव येतो. मोसम सुरू झाला की मात्र हीच हरणे नाहीशी होतात. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीचा मुख्य मोसम नऊ दिवसांचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसे परवाना घेऊन रानात शिरतात. पेनसिल्व्हेनियात तो पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होई आणि कित्येक शाळा त्या दिवशी सुटी देत. २०१९ साली मोसम शनिवारवर आणला. सोमवारची सुटी बऱ्याच शाळांनी तरीही सोडली नाही.

एवढ्या गिऱ्हाइकांसाठी दुकानेही तशीच लागतात. टेनेसीतल्या मेम्फिस शहरात १९९१ साली बास्केटबॉलसाठी बांधलेला सुमारे ९८ मीटर उंचीचा पिरॅमिड आहे. २०१५ पासून त्यात शिकार आणि मासेमारीचे दुकान चालते; आत झाडे आहेत, दलदल आहे, माशांचे हौद आहेत आणि राहायला हॉटेल आहे. इजिप्तमधल्या मूळ पिरॅमिडांत राजा मेल्यावर त्याचे सामान त्याच्याबरोबर ठेवत. इथे माणूस जिवंतपणीच आत जाऊन सामान घेतो, त्यामुळे निदान पसंती त्याची त्याला करता येते.

या खरेदीला एक अनपेक्षित लाभार्थी आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा आधीचाच कर वेगळा राखून ठेवला; आज तो ११ टक्के आहे. पुढे १९७०च्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. हा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे शिकाऱ्याने घरात तीन बंदुका असताना चौथी घेतली की त्यातला वाटा हरणाच्या निगराणीला जातो. हरणांची संख्या सावरण्यात या कराचा मोठा हात आहे हे कोणीही मान्य करील. कपड्यांवर आणि उशीवर मात्र हा कर नाही.

सामानाच्या या सोसाबद्दल जाहीर तक्रार एका शिकाऱ्यानेच केली. आल्डो लिओपोल्ड हा विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक. स्वतः शिकारी, आणि धनुष्ये हाताने तासून बनवणारा. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात त्याने क्रीडासाहित्याच्या दुकानदारांना चांगलेच धारेवर धरले. माणसाच्या गळ्यात, पट्ट्यात आणि खिशात यांनी इतकी उपकरणे अडकवली, की त्याची स्वतःची रानातली विद्या मागे पडली, असे त्याचे म्हणणे. त्या काळात बॅटरीवर चालणारे तळपाय तापवणारे मोजे नव्हते. हरणाचे फोटो थेट मोबाइलवर पाठवणारा कॅमेराही नव्हता. तरी त्याला जास्त वाटले.

प्रथम कपडे. जुन्या शिकाऱ्यांचा पोशाख म्हणजे लाल-काळ्या चौकटीची जाड लोकर. पेनसिल्व्हेनियातल्या वूलरिच गिरणीचे असे कोट तिथल्या घरांत बापाकडून मुलाकडे आले. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि फांदीला घासली तरी आवाज करत नाही. तिचा दोष एकच: ती फाटत नाही, त्यामुळे नवी घेण्याचे निमित्त मिळत नाही. १९८०च्या दशकात ही अडचण दूर झाली. मिसिसिपीतल्या टॉक्सी हास याने १९८६ साली रानातली पाने, काटक्या आणि माती यांच्यावरून कापडाची नक्षी बेतली आणि ‘मॉसी ओक’ नावाने ती विकायला काढली. इतरांनीही त्याच सुमारास तसेच केले. तेव्हापासून अमेरिकन शिकारी झाडासारखा दिसू लागला. आता तर ओकची वेगळी, पाइनची वेगळी, हिवाळ्यातल्या मक्याच्या शेताची वेगळी अशा नक्ष्या मिळतात. त्याच कापडाचे सोफे, बाळाची झबली आणि लग्नाचे पोशाखही निघाले आहेत. त्या लग्नात नवरदेव सापडतो, कारण तो हार घालायच्या जागी उभा असतो.

गंमत पुढेच आहे. बंदुकीच्या मोसमात विस्कॉन्सिनचा कायदा सांगतो की कंबरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक नारिंगी असला पाहिजे, आणि टोपी घातली तर तीही निम्मी. हा रंग तिथे १९८० पासून सक्तीचा आहे, त्याआधी लाल असे. कारण उघड आहे: माणसाने माणसाला हरीण समजू नये. तेव्हा शिकारी अडीचशे डॉलरचे जाकीट घेतो, त्यावरच्या प्रत्येक ओकपानाची शीर न् शीर छापलेली असते, आणि मग त्यावर दहा डॉलरची नारिंगी बंडी चढवून ती सगळी पाने झाकतो. या पानांचे दर्शन फक्त पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला घडते.

हरणाला त्या नारिंगीने काही बिघडत नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या, एक निळ्याकडे झुकणारी आणि एक हिरव्याकडे. जॉर्जिया विद्यापीठात १९९०च्या दशकात झालेल्या संशोधनाने हे पक्के केले. लाल, नारिंगी आणि हिरवा यांत हरीण फारसा भेद करू शकत नाही; वाहतुकीच्या सिग्नलपुढची त्याची वागणूक पाहता हे आधीही लक्षात यायला हरकत नव्हती. २०१६ साली विस्कॉन्सिनने नारिंगीच्या जोडीला भडक गुलाबीलाही परवानगी दिली. स्त्रियांनी शिकारीकडे वळावे हा त्यामागचा एक हेतू. हरणांची त्यावर काही प्रतिक्रिया झाली नाही. शिकार करणाऱ्या कित्येक बायकांनी मात्र, आम्हाला रंग नको, मापाचे बूट द्या, अशा अर्थी नाके मुरडली.

हरणाला जे दिसते ते निळे. निळा रंग आणि त्याच्याही पलीकडचे अतिनील किरण त्याला माणसापेक्षा चांगले दिसतात. आणि कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत चमक आणणारी जी रसायने असतात ती हेच अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. महागडे पानाफुलांचे जाकीट घरच्या पावडरीने धुतले की पहाटेच्या अंधूक उजेडात ते हरणाच्या दृष्टीने मंद उजळते. त्यातला माणूस त्या वेळी स्वतःला अदृश्य समजून बसलेला असतो. उपाय म्हणजे चमक न आणणारा साधा साबण आणि निळी जीन्स घरी ठेवणे. दोन्हींचा खर्च नगण्य असल्यामुळे दुकानात यावर कोणी फारसे बोलत नाही.

कपड्यांच्या आवाजाचाही विचार व्हावा. पाणी न शिरणारे स्वस्त कापड कुरकुरते. व्हेल्क्रोचा खिसा उघडला की होणारा चर्र आवाज शांत रानात चारी दिशांना कळतो, आणि तो खिसा नेमका पेपरमिंटच्या गोळीसाठी उघडलेला असतो. मग गोळीचा कागद वाजतो. घेण्यापूर्वी दुकानातच बाही बाहीवर घासून पाहावी. लोक विचित्र नजरेने बघतील, पण शिकारीच्या दुकानात स्टुलावर चढून, डोळे मिटून, हरिणीचा आवाज काढणारी माणसेही असतात, त्यामुळे सहसा कोणी हटकत नाही.

डोळ्यांपेक्षा नाक महत्त्वाचे. हरणाचे सगळे शहाणपण नाकात असते, आणि दुकानदाराचा सगळा नफाही तिथेच आहे. वास मारणारा साबण, वास मारणारा शाम्पू, काखेत लावायचे बिनवासाचे औषध, बुटांवर मारायचा फवारा, कपडे ठेवायची हवाबंद पेटी, ओझोन सोडणारे यंत्र. कोळशाचा थर असलेले कपडेही मिळतात. कोळसा वास शोषून घेतो हे खरे, पण एकदा भरला की त्याला पुन्हा पुरता रिकामा करायला जे तापमान लागते ते घरातल्या ड्रायरच्या आवाक्याबाहेरचे असते. हे सगळे विधिपूर्वक अंगाला लावून माणूस पहाटे चारला निघतो, वाटेत स्वतःच्या हाताने गाडीत पेट्रोल भरतो, उपाहारगृहात तळलेले बेकन खातो, मित्राच्या कुत्र्याला थोपटतो आणि मग रानात शिरतो.

मादीच्या मुताच्या बाटल्याही विकायला असतात. नोव्हेंबरात माजावर आलेला नर त्या वासाने येतो अशी कल्पना, आणि कधीकधी तो येतोही. पण हरणांना होणारा एक असाध्य मेंदूरोग या मार्गाने पसरू शकतो, या भीतीने काही राज्यांनी खरे मूत वापरायला बंदी केली आहे; व्हर्जिनियाने २०१५ साली केली. तिथे आता रासायनिक नकली मूत मिळते. ते अस्सलाइतकेच चांगले असल्याची हमी बाटलीवर असते. ही हमी तपासून पाहणारा माणूस अजून गिऱ्हाइकांत निघालेला नाही.

वासावर भरवशाचा उपाय एकच: वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून बसणे. सकाळी ऊन चढले की तापलेली हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी थंड हवा खाली ओघळते. बसायची जागा त्याप्रमाणे बदलावी लागते. वारा पाहण्यासाठी पावडरीची पिचकारी मिळते, पण जाणते शिकारी रस्त्याकडेच्या मिल्कवीडची बोंडे गोळा करून त्यातल्या म्हाताऱ्या एकेक सोडतात. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. पावडर चार हातांवर दिसेनाशी होते. म्हातारी दूरवर तरंगत जाते आणि झाडाला वळसा घालून वारा कुठे फिरतो तेही दाखवते. ही वस्तू फुकट आहे.

पायांकडे येऊ. मेन राज्यातला लिऑन लिओनवूड बीन हा माणूस शिकारीहून दर वेळी ओल्या पायांनी परत येई. त्याने रबरी बुटाच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला, आणि १९१२ साली राज्याबाहेरून मेनमध्ये शिकारीला येणाऱ्या परवानाधारकांची यादी मिळवून त्यांना टपालाने जाहिरात धाडली. शंभर जोड विकले गेले. त्यातले नव्वद परत आले, कारण रबर आणि चामडे एकमेकांपासून सुटत होते. बीनने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले, बूट सुधारला आणि पुन्हा विकला. तो बूट आजही निघतो. उरलेल्या दहा जणांचे काय झाले याची इतिहासात नोंद नाही. ते एक तर फार समाधानी होते किंवा त्या वर्षी शिकारीला गेलेच नाहीत.

बूट निवडताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. थंडी म्हणून दोन जाड मोजे घालतात आणि मापाच्या बुटात पाय कोंबतात. पाय आवळला की रक्त फिरत नाही, आणि मग तो उघड्या पायापेक्षाही लवकर गारठतो. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, मोजा एकच आणि लोकरीचा. चिखलाच्या, पाणथळ रानात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बर्फात बसायचे असेल तर आत नमद्याचे काढघालीचे अस्तर असलेले. चालायला हलका तो बूट बसायला थंड, आणि बसायला उबदार तो चालायला जड. दोन्ही गुण एकत्र असल्याचा दावा करणारा बूट चारशे डॉलरला मिळतो आणि दोन्ही कामे मध्यम करतो.

थंडीचा आणखी एक डाव असा, की ती घामाचा हात धरून येते. शिकारी गाडीतून उतरतो तेव्हा पारा शून्याच्या खाली असतो, म्हणून तो आहे ते सगळे अंगावर चढवतो, पाठीवर मचाण घेतो आणि अर्धा मैल चढण चढतो. ठिकाणावर पोचतो तेव्हा आतून निथळत असतो. सुती बनियन हा घाम दिवसभर जपून ठेवते. म्हणून आत पातळ मेरिनो लोकर घालावी, चालताना कुडकुडावे, आणि जाड कोट पिशवीतून नेऊन बसल्यावर घालावा. शास्त्र निर्विवाद आहे. पण उबदार कोट हातात धरून थंडीत चालणे मानवी स्वभावात बसत नाही.

हातांसाठी लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या मिळतात. पुडी फोडली की लोखंड हवेशी संयोग पावून गंजते आणि गंजताना काही तास ऊब देते. अशा पुड्या स्वस्त आहेत, त्यांना बॅटरी लागत नाही आणि त्या आवाज करत नाहीत. थर्मासमधली कॉफीही ऊब देते, पण झाडावर पाच मीटर उंच, सात कपड्यांच्या आत आणि एका दोरीने बांधलेल्या माणसाला दोन तासांनी तिचा हिशेब चुकवावा लागतो. त्यासाठी रुंद तोंडाची बाटली हा सामानाचा अधिकृत भाग मानावा. आणि उशी. बर्फाळ लोखंडी जाळीवर बसलेल्या माणसाची ऊब खालून निघून जाते, मग वरून कितीही पांघरले तरी काही उपयोग होत नाही. बोटभर जाडीचा, पाणी न शोषणारा फोमचा तुकडा एवढ्यानेच काम होते. थंड माणूस हलतो आणि हललेला माणूस हरणाला दिसतो; जाकिटावरची पाने कितीही हुबेहूब असोत, ओकचे झाड दर तीन मिनिटांनी मांडी बदलत नाही.

मचाणाचा विषय निघालाच आहे तर तिथे थट्टा आवरती घेतलेली बरी. हरणाच्या शिकारीत माणसे गोळीपेक्षा झाडावरून पडून अधिक जायबंदी होतात, आणि बरेचदा चढता-उतरताना, म्हणजे पट्टा बांधण्याच्या आधी किंवा सोडल्यानंतर. नव्या मचाणाबरोबर अंगभर बसणारा सुरक्षापट्टा खोक्यातच येतो. तो तिथेच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बऱ्याच घरांत वर्षानुवर्षे सुरक्षित असतो. पट्टा जमिनीवरच चढवावा आणि झाडाला बांधलेल्या जीवनदोरीच्या सरकगाठीला अडकवूनच वर जावे, म्हणजे पाय सुटला तरी माणूस वीतभरच घसरतो. बंदूक खांद्याला लावून चढू नये. ती रिकामी करून खाली दोरीला बांधावी आणि वर बसल्यावर ओढून घ्यावी. मचाण वर्षभर झाडावर ठेवू नये, कारण झाड वाढते आणि पट्टे ताणले जातात, शिवाय खारी ते कुरतडतात. खारींचा यात काही हेतू नसावा. मचाणासाठी चार आकडी किंमत मोजणाऱ्या माणसाला वीस डॉलरची जीवनदोरी महाग वाटते हे कोडे मात्र मानसशास्त्राने अजून सोडवलेले नाही.

बंदुकीचा क्रम मुद्दाम इतका खाली आला. अमेरिकेत कोणते काडतूस चांगले हा वाद ख्यालगायकीच्या घराण्यांसारखा चालतो: प्रत्येकाचे कान धरायचे उस्ताद वेगळे आणि दुसऱ्याचे गाणे ऐकवत नाही. १८९५ ची .३०-३० विंचेस्टर म्हणजे जुने, संथ, खानदानी घराणे. १९०६ ची .३०-०६ स्प्रिंगफील्ड लष्करातून आली आणि घरोघरी गेली. १९२५ ची .२७० जॅक ओकॉनर या नामवंत लेखकाने आयुष्यभर लिहून मोठी केली. २००७ ची ६.५ क्रीडमोर नव्या पिढीची. तिचे नाव काढले की जुने लोक खाकरतात. पूर्वेकडच्या दाट रानात बहुतेक नेम शंभर यार्डांच्या आतच धरले जातात, आणि तेवढ्या अंतरावर या चारींत हरणाला काही फरक जाणवत नाही. काही सपाट शेतीच्या राज्यांत तर गोळी लांब जाऊ नये म्हणून नेहमीच्या रायफलींवरच बंधने आहेत. तिथले लोक शॉटगनमधून एकच मोठी गोळी मारतात आणि वादासाठी दुसरा विषय शोधतात.

निवडीचे खरे माप खांदा. हरणाच्या छातीतली मर्माची जागा सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची. ती साधायला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो. मॅग्नम जातीच्या काडतुसाचा धक्का लहानशा .२४३ च्या धक्क्याच्या दुपटीहून अधिक, आणि चार बार काढल्यावर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. मिटलेल्या डोळ्यांनी कोणतेही काडतूस फार दूरवर अचूक जात नाही. साधी बोल्टची रायफल, सोसवेल असे काडतूस, आणि मोसमापूर्वी मैदानावर जाऊन नेम जुळवून घेणे, इतके पुरते. यातले तिसरे विकत मिळत नसल्याने ते राहून जाते. मग शनिवारी सकाळी, गेल्या वर्षी शिडीवर आपटलेल्या दुर्बिणीतून, पहिला बार निघतो आणि हरीण कुतूहलाने मान वळवून बघते.

बंदुकीवरच्या दुर्बिणीत तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सर्वसाधारण मानली जाते आणि तिच्यात काही उणे नाही. तरी छप्पन्न मिलिमीटरचे भिंग खपते, कारण ते जास्त उजेड घेते. घेते हे खरे. पण भिंगाच्या मापाला मोठेपणाच्या पटीने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते: छप्पन्नला चारने भागले की चौदा मिलिमीटर. माणसाची बाहुली तरुणपणी फार तर सातपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. उरलेला उजेड शिकाऱ्याच्या गालावर पडतो. पैसे द्यायचेच तर धुके न धरणाऱ्या, आत नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीला आणि तिला धरून ठेवणाऱ्या कड्यांना द्यावेत. पंधराशे डॉलरची दुर्बीण पंधरा डॉलरच्या कड्यांत बसवण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. वेगळी द्विनेत्री दुर्बीणही लागते, आठ किंवा दहा पटीची. समोर हललेले काय आहे ते हिच्यातून पाहावे; बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिले की समोरच्या शेजाऱ्यावर भरलेली बंदूक रोखली जाते, आणि शेजारीही त्या क्षणी तेच करत असतो.

खुरखुरणारी नळी, मादीसारखे बेंबटणारा डबा, एकमेकांवर आपटायची शिंगे ही वाद्ये नोव्हेंबरात माजाच्या दिवसांत उपयोगी पडतात, एरवी हरणे श्रोते म्हणून चोखंदळ असतात. झाडाला बांधायचा कॅमेरा रात्री दोनला मोबाइलवर फोटो पाठवतो: रॅकून, खार, वाऱ्याने हललेली फांदी, रॅकून, आणि एकदाच भलामोठा नर, तोही मध्यरात्री, जेव्हा शिकार बेकायदा असते. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला मनाई केली. खिशात परवाना, होकायंत्र, शिट्टी, काडेपेटी आणि दोन बॅटऱ्या असाव्यात. मोबाइलचा नकाशा उत्तम असतो, पण थंडीत त्याचा जीव लवकर जातो. टॉयलेट पेपर पांढरा नसावा, असा जुना सल्ला आहे. पळणाऱ्या हरणाची शेपटी वर होते आणि पांढरी चमकते. झुडपाआड वाकलेल्या माणसाच्या हातातही पांढरेच चमकते.

हरीण पडल्यावर लागणारे सामान दुकानात सर्वांत दुर्लक्षित असते, कारण घेताना तिथवर पोचू असे फार थोड्यांना वाटते. सुरा चार इंचांच्या आतला, धारदार. फूटभर पाते आणि मुठीत होकायंत्र असलेला सुरा चित्रपटासाठी ठीक. पोट साफ करताना तो आतडी फाडतो आणि मांस नासवतो. कोपरापर्यंतचे हातमोजे, मांस ठेवायच्या सच्छिद्र पिशव्या, पंधरा फूट दोरी. साफ केलेला नरही सत्तर किलो भरतो, आणि तो नेहमी गाडीपासून सर्वांत दूरच्या दरीत पडलेला असतो. त्यासाठी चाकांच्या गाड्या मिळतात, पण बर्फात लहान मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी सर्वांवर ताण करते. ती मुलांना न विचारता घेतली जाते आणि नंतर तिच्यावरच्या डागांचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

विस्कॉन्सिनच्या रानात २००२ साली हरणांचा तो मेंदूरोग सापडला. तेव्हापासून बऱ्याच भागांत शिकारी तपासणीसाठी हरणाचे मुंडके नमुना म्हणून देतात. त्यासाठी रस्त्याकडेला चोवीस तास उघड्या पेट्या ठेवलेल्या असतात. मुंडके पिशवीत घालायचे, चिठ्ठी लावायची, पेटीत टाकायचे. निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये, म्हणून ते कापून, गुंडाळून गॅरेजमधल्या मोठ्या शीतपेटीत जाते. तिथे आधीच्या वर्षाचे मांस, मेव्हण्याने दिलेले सॉसेज आणि कसली तरी मासळी एकाच पांढऱ्या कागदात गुंडाळून पडलेली असते. म्हणून पाकिटावर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहायला न पुसणारे जाड मार्कर पेन घ्यावे. ते शिकारीच्या दुकानात मिळत नाही. स्टेशनरीच्या दुकानात दीड-दोन डॉलरला मिळते.